गावाने विचारले होते

घोटीच्या बाजारपेठेतून दारणेच्या अंगाला वळले, की दोन्ही हातांना भाताची खाचरे लागतात. त्याच वाटेवर आमचे मूळ गाव आहे. आजोबा १९९७ साली गेले. शेताची वाटणी झाली, भांड्याकुंड्यांची झाली, पुढल्या ओटीचीसुद्धा झाली. तीन जिनसा मात्र अशा निघाल्या, की त्या कोणीच मागितल्या नाहीत. म्हणून त्या पुस्तके वाचणाऱ्या नातवाकडे आल्या. एक मोडका ट्रान्झिस्टर, पोस्टाने दिलेले रेडिओच्या परवान्याचे पुस्तक, आणि लाल कापडी बांधणीची एक नोंदवही.

परवान्याचे पुस्तक म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागेल. घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचा परवाना लागे. वर्षाला १५ रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर नोंद करून घ्यायची. १९८५ साली हे प्रकरण मिटले. आजोबांनी मात्र पुस्तक फेकले नाही. सरकारने दिलेला कागद फेकू नये, अशी त्यांची पिढी.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘ग्रामीण रेडिओ श्रोते मंडळ’ असे लिहिले आहे आणि त्याखाली वीस नावे आहेत. आजोबा मंडळाचे चिटणीस. आतल्या पानांवर पाच रकाने आखले आहेत: तारीख, विषय, हजर, मंडळाचा प्रश्न, केंद्राचे उत्तर. पहिले चार रकाने शेवटच्या पानापर्यंत नेटाने भरले आहेत. पाचवा आरंभी भरलेला दिसतो, मग विरळ होतो, आणि पुढे पुढे त्यात एकच वाक्य येऊ लागते: ‘उत्तर आलेले नाही.’

आजोबा ‘आले नाही’ असे लिहीत नसत. ‘आलेले नाही’ असे लिहीत. मुलांना व्याकरण शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, तेव्हा या दोहोंतला फरक माझ्या डोळ्यांतून सुटला नाही. दुसऱ्या वाक्यात वाट पाहणे शिल्लक असते.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. कादंबऱ्या लिहितो, इतिहास लिहिण्याचा अधिकार सांगत नाही. परंतु त्या पाचव्या रकान्याने माझा पिच्छा पुरवला. हे मंडळ कोणी काढले? प्रश्न कोणाला पाठवले जात? उत्तरे का थांबली? त्यांचा माग काढता काढता मला एक हकीकत सापडली. ती महाराष्ट्रातली आहे, आमच्या नाशिक जिल्ह्यातही घडलेली आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

*

आपल्याकडे नभोवाणीचा इतिहास म्हणून बहुधा मनोऱ्यांचा इतिहास सांगतात: अमुक साली अमुक शहरात केंद्र निघाले, अमुक किलोवॅटचे यंत्र बसले. मीही तेथूनच आरंभ करतो, कारण मनोरा कोठे उभा राहतो यावर कोणाला ऐकू येणार हे ठरते. पण त्याच्या पलीकडे आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो मनोऱ्यांच्या यादीत सापडत नाही. ऐकू कोणाला आले हे कळले. ऐकून कोणाचे घेतले गेले?

१३ फेब्रुवारी १९२३ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबाने आपला पहिला कार्यक्रम हवेत सोडला. कार्डिफ आणि मुंबई ही दोन्ही बंदरे. दोन्हींच्या पाठीशी डोंगराळ मुलूख, आणि त्या मुलखाची भाषा शहरातल्या साहेबी कारभाराच्या भाषेहून निराळी. कार्डिफहून पहिल्याच रात्री एक गाणे वेल्श भाषेत म्हटले गेले. पण रोजचा व्यवहार इंग्रजीतच चालू राहिला. वेल्श लोकांनी पुढे काय केले, ते यथाकाल सांगेन.

मुंबईत रीतसर केंद्र उघडले ते २३ जुलै १९२७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. यंत्राची शक्ती दीड किलोवॅट आणि पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. म्हणजे कल्याणच्या आसपासच आवाज विरू लागायचा. घोटी रेल्वेने मुंबईपासून १४० किलोमीटरच्या पुढे, कसाऱ्याचा घाट चढून वर. आमच्या मुलखाच्या दृष्टीने ते केंद्र असून नसल्यासारखेच. कंपनी तीन वर्षांतच डबघाईला आली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्य आले तेव्हा देशात केवळ सहा केंद्रे होती. शंभरांतल्या ११ माणसांपर्यंत आणि देशाच्या अवघ्या अडीच टक्के भूमीवर त्यांचा आवाज पोहोचत होता.

या सरकारी काळातच मुंबईत एकदा उलटा वारा वाहिला. १९४२ च्या ऑगस्टात नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली, आणि २७ ऑगस्टपासून काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र बोलू लागले. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्या आणि त्यांचे सोबती यंत्र घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागी जात. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि आवाज बंद झाला. उणेपुरे अडीच महिने. सरकारने लोकांशी बोलण्यासाठी जे साधन आणले, त्याच साधनाने लोकांनी सरकारला उत्तर दिले, असा हा प्रसंग. यंत्र तेच असते. त्याचे तोंड कोणाकडे, एवढाच प्रश्न असतो, हे त्या अडीच महिन्यांनी दाखवून दिले.

*

स्वातंत्र्यानंतर केंद्रे वाढली. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे. याच पुणे केंद्रावर दोन वर्षांच्या आत असे दोन उपक्रम झाले, की त्यांच्यातला विरोध ध्यानात घेतल्यावाचून आमच्या नोंदवहीचे मर्म कळायचे नाही.

पहिला तुम्हां-आम्हां सर्वांच्या परिचयाचा. केंद्रातील स्नेही सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथेवर गीते लिहावीत आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली लावाव्यात असे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत लागले. वर्षाच्या बावन्न आठवड्यांची ५२ गीते व्हायची, पण त्या साली अधिक मास आला आणि ती ५६ झाली. एप्रिल १९५६ मध्ये गीतरामायण पुरे झाले. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारीपाजारी जमत. कोणी रेडिओला हार घालीत, कोणी उदबत्ती लावीत. आजही जुनी माणसे हे सांगताना हात जोडतात.

दुसरा उपक्रम त्याच केंद्रावर, गीतरामायणाचे शेवटचे भाग चालू असतानाच झाला. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. त्याला कोणी हार घातला नाही.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोते मंडळे चालत होती. शेजारीपाजारी एकत्र बसून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपले मत केंद्राला कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते. हीच पद्धत आपल्या खेड्यांत चालेल काय, हे पाहण्याचे युनेस्को आणि आकाशवाणी यांनी ठरवले. सूत्रातला ‘वाचा’ हा शब्द आपल्याकडे येताना गळाला. कारण सांगायला नको. पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, तेव्हाचे अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. त्यांतली सुमारे १५० गावे. प्रत्येक गावी एक रेडिओ आणि वीसांपर्यंत सभासदांचे एक मंडळ. आठवड्यातून दोन वेळा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २० कार्यक्रम. विषय शेतीचे, गुराढोरांचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, ग्रामपंचायतीचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे. चिटणीसाने बोलणे टिपून पुण्याला पाठवायचे. गावांनी विचारलेल्या शंकांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमांतून यायची.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती, आणि ती पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केली. हा मूळचा व्हिएन्नाचा गृहस्थ. हिटलरच्या राजवटीत डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या दोन छळछावण्यांतून तो जिवंत सुटला आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. जेथे माणसाने तोंड उघडले तर जीव जाई, अशा जागी राहून आलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या चावड्यांवर शेतकरी तोंड उघडतात की नाही, हे मोजायला आला होता. आकाशवाणीचे महासंचालक आणि हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्याने लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्या प्रयोगाविषयी वाचले.

त्याने गावांची तुलना केली. काही गावांत रेडिओ होता आणि मंडळही होते. काहींत रेडिओ होता, मंडळ नव्हते. काहींत रेडिओच नव्हता. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारून ज्ञानात किती भर पडली ते पाहिले. मंडळे असलेल्या गावांत ती भरपूर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी पडली नव्हती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक एवढाच, की एका गावाला बोलायला सांगितले होते आणि दुसऱ्याला सांगितले नव्हते. जो बोलला, तो शिकला. वर्गात जन्म घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल याचे वाटते, की ही गोष्ट १९५६ साली आमच्याच जिल्ह्यात मोजून सिद्ध झाली आणि आम्ही ती विसरलो.

*

प्रयोग यशस्वी ठरला म्हणून १९५९ च्या अखेरीस ही मंडळे देशभर काढण्याचे ठरले. आमच्या गावचे मंडळ या दुसऱ्या लाटेतले. ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीत, लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला असे. वीज नव्हती, वीटेएवढी जाड कोरडी बॅटरी लागे.

आमच्याकडे रेडिओ ऐकणे ही मोठी मजेची गोष्ट होती. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि अंतर वाढले, डोंगर आडवा आला की क्षीण होतात. रात्री मात्र आकाशाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे संध्याकाळी पुणे कधी लागे, कधी खरखरे. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की नुसती भाजणी भाजल्यासारखा आवाज. रात्र चढली म्हणजे लघुलहरींवर सिलोन मात्र खणखणीत. जवळचे ऐकू येऊ नये आणि दूरचे स्पष्ट यावे, असा तो खेळ होता.

वीस नावांच्या यादीत एकही बाई नाही. आजी सांगे, की बायका चावडीच्या मागल्या भिंतीला टेकून ऐकत, आणि पुरुषांनी विचारायचा विसरलेला प्रश्न घरी आल्यावर विचारीत. यादीत तीन नावे गावकुसाबाहेरच्या वस्तीतली आहेत आणि एक ठाकरवाडीतले. ही चार माणसे आरंभी खाली अंगणात बसत. ‘हजर’ या रकान्यातही त्यांची नावे आजोबांनी खाली, रेघ मारून निराळी लिहिली आहेत. पुढे चौथ्या महिन्यात ती रेघ दिसत नाही. नावे एकाखाली एक, सरळ आहेत. चावडीच्या ओट्यावर त्या चौघांना कोणी बोलावले, का ते आपणहून चढले, नोंदवही सांगत नाही. आजोबा मरेपर्यंत त्याविषयी बोलले नाहीत. मीही विचारले नाही, आणि आता त्याची टोचणी लागते.

पहिला प्रश्न भातावरच्या करप्याचा होता. त्याचे उत्तर आले, आणि ते देताना निवेदकाने आमच्या गावाचे नाव घेतले. आजी ती गोष्ट शेवटपर्यंत सांगे. ‘तुझे आजोबा त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले,’ म्हणे. चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. ज्या गावाचे नाव पोस्टाच्या शिक्क्यावर नव्हते, एसटीच्या पाटीवर नव्हते, ते आकाशातून आले होते. औषधाने करपा गेला की नाही, हे मात्र तिला आठवत नसे.

नंतरचे प्रश्न धीट होत जातात. गाय फळत नाही, काय करावे? ग्रामपंचायतीचे हिशेब सभासदाला पाहता येतात काय? सावकाराने कागद परत दिला नाही, तर दाद कोठे मागावी? पाचवा रकाना येथपासून रिकामा पडू लागतो. पिकाच्या किडीवर उत्तर देणे सोपे. सावकारावर उत्तर देणे अवघड. आणि मग १९६६ च्या वैशाखातले ते पान येते. त्यावरचा प्रश्न मी जसाच्या तसा उतरवतो: ‘आमच्या तालुक्यात पाऊस सर्वांहून जास्त. दारणेला धरण आहे. पाणी खाली कालव्यांना जाते. मग आमच्या वाडीला वैशाखात प्यावयास पाणी का नाही?’

पुढे ‘उत्तर आलेले नाही.’

*

मंडळे मोडली ती काही कोणा एकाच्या दुष्टपणाने नव्हे. बॅटरी संपली की नवीसाठी पंचायतीच्या ठरावाची वाट पाहावी लागे. आजोबांनी एका केंद्राला घातलेली पोस्टकार्डे कोठल्या तरी टेबलावर साठली असतील; शे-दीडशे गावांना उत्तर देणारी माणसे हजारो गावांना पुरी पडणार कशी? आणि याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त झाला. पेटीतला रेडिओ सगळ्यांना एकत्र बसवी. ट्रान्झिस्टर ज्याच्या त्याच्या खांद्याला. १९५७ पासून विविध भारतीने चित्रपटगीतांना दार उघडले होते, १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती आल्या. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी खतांवर चर्चा करण्यापेक्षा गाणे बरे वाटले, तर त्याला नावे कोणी ठेवावीत? आजोबांनीही ट्रान्झिस्टर घेतला आणि परवान्याचे पुस्तक काढले. ‘कामगारसभा’, ‘आपली आवड’, ‘पुन्हा प्रपंच’ यांनी आमचे घर भरले. ‘माझं घर, माझं शेत’मधून शेतकऱ्याला सल्ला मिळत राहिला. सल्ला चांगलाच असे. पण तो एका बाजूने येई.

मग चित्र आले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला होता. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. महाराष्ट्रात तेव्हा थोरला दुष्काळ होता. ‘आमची माती, आमची माणसं’ हे त्या केंद्राच्या शेतीविषयक कार्यक्रमाचे नाव. इतके सुंदर नाव दुसरे सुचणे कठीण. पण दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. माती आमची, माणसे आमची, चित्र मात्र घाटाखालच्यांना. १९८४ च्या सुमारास देशभर छोटे प्रक्षेपक भराभर उभे राहिले, तेव्हा आमच्याकडेही बांबूंवर ॲन्टेना चढल्या.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. घोटीत ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या दारात रविवारी सकाळी चपलांचा ढीग लागे, आणि एक म्हातारी पडद्याला हळदकुंकू लावी. आजोबा एकदाच आले. घरी जाताना म्हणाले, ‘आमच्या वेळी रेडिओला हार घालीत. हार घातला की मग त्याला काही विचारता येत नाही.’ त्या वयात मला ते कळले नाही.

*

वेल्श लोकांची गोष्ट सांगायची राहिली आहे. पहिल्या रात्रीच्या त्या एका गाण्यावर ते समाधान मानून बसले नाहीत. १९३७ मध्ये त्यांनी वेल्ससाठी स्वतंत्र नभोवाणी विभाग मिळवला. दूरचित्रवाणी आल्यावर आपल्या भाषेची स्वतंत्र वाहिनी मागितली. सरकारने वचन दिले आणि मोडले. तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स या वृद्ध पुढाऱ्याने जाहीर केले, की वचन पाळले नाही तर आपण आमरण उपोषणाला बसू. उपोषणाचा दिवस उजाडण्यापूर्वीच सरकार नमले, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वेल्श वाहिनी सुरू झाली. वेल्श बोलणारे लोक तेव्हा पाच लाखांच्या आसपास होते. म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही कमी. आपण मराठी माणसे कोटींनी आहोत. आपल्याला वाहिनी मागावी लागली नाही, ती मिळत गेली. म्हणूनच की काय, ती आपल्याशी कोणत्या गोष्टी बोलते याची चौकशी आपण फारशी केली नाही.

चौकशीची सवय सर्वस्वी गेली आहे असे मात्र मी म्हणणार नाही. शासनाने २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना छोटी नभोवाणी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ निघाली. आमच्या नाशिक शहरात ‘रेडिओ विश्वास’ आहे. पल्ला दहा-पंधरा किलोमीटरांचा, म्हणजे १९२७ च्या मुंबईहूनही कमी. पण माईकसमोर शेजारच्या आळीतली बाई बसू शकते, आणि हे १९२७ साली नव्हते. त्यांना अद्याप स्वतःचे बातमीपत्र देण्याची परवानगी नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आणि जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा सकाळी ७ वाजून १० मिनिटांचे बातमीपत्र ऐकत ज्यांची दाढी झाली आणि ज्यांचे डबे भरले गेले, ती माणसे विरोधाला उभी राहिली. आदेश स्थगित झाला. तेवढ्यापुरते का होईना, ऐकणाऱ्यांनी तोंड उघडले आणि ते ऐकले गेले.

आज घोटीत प्रत्येकाच्या हातात प्रक्षेपण केंद्र आहे असे म्हटले तरी चालेल. माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर चित्र काढतात, आवाज भरतात आणि क्षणात जगापुढे मांडतात. बाजारात माईक घेऊन फिरणारे दोन-तीन तरुण मला रोज भेटतात. बोलणारे पुष्कळ झाले. पण श्रोते मंडळात जी एक शिस्त होती, की आधी सर्वांनी मिळून ऐकायचे, मग बोलायचे, मग लिहून विचारायचे आणि उत्तराची नोंद ठेवायची, ती या गलबल्यात कोठे दिसत नाही. पाचवा रकानाच कोणी आखत नाही. रकाना नसला म्हणजे तो रिकामा आहे, हेही कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुटी लागण्यापूर्वी मी नोंदवही वर्गात नेली आणि १९६६ चा प्रश्न फळ्यावर लिहिला. तारीख लिहिली नाही. सालाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणारा हा तालुका; दारणेचे पाणी धरणातून खालच्या कालव्यांना आणि वैतरणेचे मुंबईला जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर येतो. मागल्या बाकावरची वाडीवरची मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, हा आमच्या वाडीचा प्रश्न आहे. तुम्हांला कोणी सांगितला?’

मी तारीख सांगितली. वर्ग गप्प झाला. मग तिनेच विचारले, ‘सर, उत्तर कोणी द्यायचे होते?’

साठ वर्षांत हा प्रश्न पडलेली ती पहिली नसेल. पण त्या नोंदवहीसमोर उभे राहून तो विचारणारी ती पहिली. मी तिला फळ्यापाशी बोलावले. वर्गाने चर्चा केली, वाडीतल्या विहिरी मोजायचे ठरवले, कोणाकोणाला लिहायचे त्याची यादी केली. पत्राचा मसुदा मुलांनी केला, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग लाल नोंदवहीत जेथे आजोबांचे अक्षर थांबले होते त्याच्याखाली त्या मुलीने तारीख घातली, विषय लिहिला, हजर मुलांची नावे एकाखाली एक लिहिली, प्रश्न उतरवला. पट्टी घेऊन पाचवा रकाना आखला.

पत्रे गेली आहेत. रकान्यात अजून काही लिहिलेले नाही. मुले दर सोमवारी विचारतात.